वेळ उरला तर

वैशाख लागला की आमच्या देवासात गाणी रस्त्यावर येतात. सकाळी बँडवाल्यांची तालीम, दुपारी कोणाच्या तरी गच्चीवर बायकांची बन्ना-बन्नीची लग्नगीतं, संध्याकाळी डीजेची गाडी. आमचं घर टेकरीच्या पायथ्याशी. देवीच्या पाया पडायला निघालेला प्रत्येक नवरदेव आमच्या दारावरूनच जातो आणि प्रत्येकासोबत तीच चार गाणी जातात. मी खिडकी लावून घेते. शेजाऱ्यांना वाटतं, शाळेत दिवसभर पोरींचा कलकलाट ऐकून बाईंचे कान विटले असतील. त्यांना तसं वाटतं ते बरंच आहे. खरं कारण सांगायची मला बावीस वर्षं लाज वाटते आहे.

यंदा खिडकी लावून भागण्यासारखं नाही. लग्न माझ्याच घरात आहे, माझ्या मुलीचं, सईचं. गेल्या आठवड्यात धारहून माईआत्याने तिच्यासाठी मंगलाष्टक पाठवलं. आत्याच्या सुनेने, वंदनावहिनीने, कागदाचा फोटो काढून मोबाइलवर टाकला होता. मोठी मोठी अक्षरं, सुटे सुटे शब्द, पहिलीच्या पुस्तकात असतात तसे. आणि सगळं हिंदीत. सई फोन हातात घेऊन म्हणाली, आजी किती मॉडर्न आहे ना. मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावलेला नसताना शिटीची वाट बघत उभी राहिले.

माईआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घराण्याला तीन-चार पिढ्यांपूर्वी कोणीतरी दरबारच्या लिहिण्या-वाचण्याच्या कामासाठी दक्षिणेतून माळव्यात आणलं. दरबार गेले, लिहिणं-वाचणंही हळूहळू गेलं, आत्याकडे तेवढं उरलं. घरात कोणाचंही लग्न ठरलं की वधूचं मंगलाष्टक तिने रचायचं, हा अलिखित कायदा होता. गुलाबी कागद, काळी शाई, घट्ट विणल्यासारखं अक्षर. चार कडवी नेहमीची. त्यांत आजोबा-पणजोबांची, मामा-काकांची नावं गुंफलेली असायची, आणि ज्याचं नाव राहील तो वर्षभर रुसलेला असायचा. चार कडव्यांखाली एक रेघ. रेघेखाली ‘वेळ उरला तर’ असं लिहून पाचवं कडवं.

हे पाचवं कडवं कशाला, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. तेव्हा तिने घटिकापात्राची गोष्ट सांगितली. तिच्या स्वतःच्या लग्नात मांडवात पाण्याचं घंगाळ ठेवलं होतं आणि त्यात एक तांब्याची वाटी तरंगत होती. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी आत येत राहायचं, आणि वाटी बुडाली की मुहूर्त आला. तोवर काय करायचं? तोवर गायचं. वाटी लवकर बुडाली तर कडवी कमी, उशिरा बुडाली तर जास्त. मुहूर्ताआधी गाणं संपून माणसं गप्प उभी राहिली तर तिच्या मते तो अपशकुन होता, म्हणून एक कडवं हाताशी जास्तीचं ठेवायचं. घंगाळं गेली, हातात घड्याळं आली, पण आत्याचं जास्तीचं कडवं राहिलं. गायला मात्र ते कधीच मिळालं नाही. माळव्यातल्या वराती. नवरदेवाचे मित्र अर्धा तास चौकात नाचणार, मग नागिणीसारखे जमिनीवर लोळणार, आणि मुहूर्त डोक्यावर आल्यावर गुरुजी दोन कडव्यांतच सगळं गुंडाळणार. वेळ उरायचा प्रश्नच नसे.

मी घरातली गाणारी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माझ्या गाण्याला वन्समोअर मिळायचा. माझी एक वही होती, तीत शंभरावर हिंदी गाणी उतरवलेली. सोळाव्या वर्षी मला ठाम वाटायचं की गाण्यांना पुढचं सगळं ठाऊक असतं. त्यांत जन्मोजन्मीची वचनं असतात, चंद्र साक्षीला असतो, वाट पाहणाऱ्या माणसाकडे शेवटच्या अंतऱ्यात कोणीतरी येतंच. त्याच वर्षी आमची आई गेली. तेव्हा धाकटी बहीण चारू नऊ वर्षांची होती. चंद्र तसाच होता, वहीतली गाणीही तशीच होती आणि कोणत्याच अंतऱ्यात कोणी आलं नाही. आता त्रेपन्नाव्या वर्षी मला एवढंच कळतं की गाण्याला फक्त स्वतःची लांबी ठाऊक असते. साडेतीन मिनिटांपुरतं ते ‘कायम’ म्हणू शकतं. त्यापुढची जबाबदारी ते घेत नाही.

प्रेमाच्या सगळ्या गाण्यांत मंगलाष्टकच काय ते वेगळं. ज्या क्षणी दोन माणसं एकमेकांना हार घालणार, त्या क्षणी सगळं गाव मिळून त्यांना सांगतं, सावधान. आमच्या माळवी शेजारणींना याचं फार हसू येई. त्यांच्या बन्ना-बन्नीत नवरी लाडाने चुंदडी मागते, कंगन मागते, आणि तुमच्याकडे म्हणे तिला धमकावतात. मीही त्यांच्यासोबत हसायचे. आज वाटतं, हेच एक गाणं प्रामाणिक आहे. पुढचं आम्हाला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, तेव्हा जपून, असं सांगून ते तांदूळ टाकतं.

आईनंतरचे सगळे वैशाख आम्ही धारला काढले. शाळेला सुट्टी लागली की बाबा आम्हाला बसमध्ये बसवून द्यायचे आणि आत्या स्टँडवर उभी असायची. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्याचा वास, सालासकट उकडलेल्या कैऱ्या, मुंज तलावाकडून येणारा गरम वारा. मांडूला गेलं की नालछा गावाच्या पुढे ते फुगलेल्या बुंध्यांचे खुरासानी चिंचेचे वृक्ष लागायचे आणि चारू प्रत्येक झाडाला एकेका काकूचं नाव द्यायची. दुपारी आत्या तिला मांडीवर घेऊन वेणी घाले आणि श्लोक म्हणून घेई. चारूचं मराठी त्यामुळे स्वच्छ झालं. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत रेडिओला कान लावून वही भरत बसलेली असे.

म्हणून माझं मराठी जेवण्या-रागावण्यापुरतं राहिलं. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, नोकरी टोंकखुर्दच्या शाळेत, तीही हिंदी शिकवायची. अक्षरं तीच असतात, मग अडतं कुठे, असं कोणी विचारील. डोळ्याला सवय लागते. मराठी ओळ समोर आली की माझी जीभ हिंदीच्या वळणाने धावते आणि पुढच्या शब्दाला धडकते. त्यातून मंगलाष्टकाचं वृत्त. एका जागी श्वास चुकला की सगळी ओळ आडवी होते. आत्याच्या घट्ट अक्षरात, संस्कृत जोडाक्षरांनी भरलेली ओळ मला एका दमात कधीच वाचता आली नाही. वर्गात अडखळत वाचणाऱ्या मुलीला मी उभी करून ठेवायचे, हे इथेच सांगून टाकते.

तर बावीस वर्षांपूर्वीचा तो वैशाख. चारूचं लग्न ठरलं, मुलगा पुण्याचा. साखरपुड्याला पुण्याची मंडळी देवासला आली. थोरली बहीण आणि आईच्या जागी असलेली म्हणून मी पुढे पुढे करत होते. निघताना व्याह्यांना म्हणाले, “तुम्ही टेंशन घेऊच नका, मी सगळं बघून राहिली आहे, उद्या फोन लावते.” मुलाच्या काकूंनी माझा हात हातात घेतला आणि हसून म्हणाल्या, “किती गोड बोलता हो तुम्ही. ऐकतच राहावंसं वाटतं.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मागे उभ्या असलेल्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं ते मी पाहिलं. त्या दिवसापासून ‘गोड’ हा शब्द मला खड्यासारखा टोचतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्या धारहून आली आणि तिने गुलाबी कागद माझ्या हातात दिला. एरवी ती लिहिलेलं वाचून दाखवायची, या वेळी नाही. म्हणाली, “हे तूच म्हणायचं. तुझ्याशिवाय कोणी म्हणू नये असं आहे.” नक्कल तिने ठेवली नव्हती, ती कधीच ठेवत नसे. दुपारी मी गच्चीच्या जिन्यात बसून कागद उलगडला. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत अडकले. पुन्हा सुरू केलं, तिसरीत अडकले. खाली आत्या होती, हाक मारली असती तर वर आली असती. पण काय म्हणून हाक मारायची? शाळेत भाषा शिकवणाऱ्या, त्यासाठी दोन बक्षिसं मिळवलेल्या बाईने मराठी वाचता येत नाही म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

मुहूर्त गोरज होता. आणि आमच्या कुटुंबाच्या इतिहासात पहिल्यांदाच वरात वेळेआधी दारात आली. पुण्याचे लोक. कोणी नाचलं नाही, कोणी लोळलं नाही. आमचे काका दाढीला साबण लावलेला तसाच पुसून बाहेर धावले आणि पुटपुटले, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. अंतरपाट धरला गेला, गुरुजींची कडवी झाली, पुण्याच्या काकूंनी त्यांचं आणलेलं खड्या आवाजात म्हटलं, आणि गुरुजींनी घड्याळ बघून सांगितलं की अजून आठ मिनिटं आहेत. सगळ्यांनी आमच्या बाजूकडे पाहिलं. आत्या माझ्या समोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाचव्या कडव्याला वेळ मिळाला होता.

मी म्हणाले, “आत्या, कागद हरवला.”

मी खूप शोधला, असंही वर म्हणाले. पर्स काखेत घट्ट धरून म्हणाले. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हातातल्या अक्षता या मुठीतून त्या मुठीत घेतल्या. ती आठ मिनिटं संपता संपेनात. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडले, गुरुजींनी झालेलंच कडवं पुन्हा म्हटलं, हॉलवाल्याने सनईची टेप लावली ती मध्येच अडकली. लोकांच्या घामाने अक्षतांचे गोळे झाले. पाटावर उभी असलेली चारू मान वळवून आमच्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं की आत्याने तिच्यासाठी लिहिलं आहे. मग सावधान झालं, तांदूळ पडले, बँड वाजला आणि कोणाला काही आठवायचं कारण उरलं नाही.

कागद मी फाडला नाही. कपाटात साड्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या तळाशी ठेवला. दर दिवाळीला वर्तमानपत्र बदलायचे आणि कागद परत तिथेच सरकवायचे. वाचला कधीच नाही. वाचला असता तर मी काय दडवलं ते कळलं असतं, आणि ते न कळण्यातच माझी सोय होती.

पुढच्या लग्नापासून आत्याचं मंगलाष्टक हिंदीत येऊ लागलं. सगळ्यांनी कौतुक केलं, पोरांना समजतं म्हणाले. आणि मी ते म्हटलं. एक नाही, पाच लग्नांत म्हटलं. माइक हातात घेऊन, ताना घेऊन, लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मान लववून म्हटलं. रेघेखालचं कडवं आता नसायचं. ते का नसतं हे मी विचारलं नाही. माझी समजूत अशी की आत्याने माझी अडचण ओळखली आणि न बोलता सांभाळून घेतली. या समजुतीवर मी बावीस वर्षं आरामात काढली.

सईचं मंगलाष्टक आल्यावर दोन दिवसांनी मी धारला गेले. कागद सोबत घेतला. आत्याला सगळं सांगायचं, माफी मागायची आणि सईसाठी मराठीत लिहून मागायचं, असं इंदूरपर्यंत ठरवलं होतं. इंदूरला बस बदलली आणि तिथून पुढे नुसतं पन्हं पिऊन परत यायचं ठरवत गेले. दार वंदनावहिनीने उघडलं. “आओ जिज्जी, मम्मी तो सुबे से राह देख री हैं,” म्हणाली आणि पन्हं करायला आत गेली.

आत्या कूलरसमोर खुर्चीत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, हात लावला तर हाडं लागतील अशी. डोळ्यांत आता फक्त उजेड-सावली उरली आहे. हिंदी कडवी तिने सांगितली होती आणि वंदनावहिनीने लिहून घेतली होती. मोठ्या अक्षरांचं कोडं असं सुटलं. मी इकडचं तिकडचं बोलले, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं की सईसाठी मराठीत का नाही लिहिलं.

“तुम्हाला संकोच व्हायला नको म्हणून,” ती म्हणाली.

मला समजलं नाही. ती शांतपणे म्हणाली, “चारूच्या लग्नात कागद तुझ्या पर्समध्ये होता बेबी. गुलाबी टोक बाहेर आलं होतं, दिसलं मला. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. पुण्याची विद्वान मंडळी, आणि माझं हे धारचं जुनं-पुराणं लिहिणं. मुलीची फजिती होऊन राहिली असती. तुला लाज वाटली, त्यात तुझी काय चूक?”

मला लाज माझी वाटली होती. तिला वाटलं, मला तिची लाज वाटली. माझ्या वाट्याची लाज मी तिच्या मांडीवर टाकून निघून गेले होते आणि आत्या बावीस वर्षं ती घेऊन बसली होती. तिने आपली भाषा सोडली, आपलं पाचवं कडवं सोडलं, आणि मी त्याला तिचा समजूतदारपणा म्हणत माइकवर ताना घेत होते. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सांगितलं. जिना, दुसरी ओळ, तिसरी ओळ, पुण्याच्या काकू, सगळं. नाचता येईना अंगण वाकडे अशी गत होती, आणि अंगणाला मी हरवलेला कागद म्हटलं, एवढं सांगितलं.

“येवढंच होतं?” ती म्हणाली. “मग हाक मारायची ना. एका दुपारी शिकवलं असतं मी तुला.”

तिने रागावून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ती खरोखरच हिशेब लावत होती, एक दुपार पुरली असती की दोन.

मी कागद काढला. तिने तो हाताने चाचपला, नाकाशी नेला आणि परत दिला. आपलं अक्षर तिला आता दिसत नव्हतं, आणि त्यात काय लिहिलं होतं तेही आठवणीत पुसट झालं होतं. त्या खोलीत तो कागद वाचू शकणारी एकटी मी होते. “रेघेखालचं वाच,” ती म्हणाली. मी सुरू केलं. अडखळले. तिने खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरला, कुठे थांबायचं तिथे बोट थांबे. सहाव्या की सातव्या खेपेला ओळी उभ्या राहिल्या.

आहे का घटिकेत वेळ उरला? थांबा जरासे तरी,
कोणाला कळले पुढील दिवशी काटे, फुले की सरी;
आई आज नसे तुझ्या जवळ गे, डोळे तिचे या घरी,
मागे एकच वार पाहुन पुढे जा लाडके सासरी.

हे चारूचं होतं. लग्नाच्या दिवशी, आठ मिनिटांच्या त्या पोकळीत, आईच्या वतीने तिला कोणीतरी हे म्हणायचं होतं, आणि ते कोणीतरी मी होते. पाटावरून मान वळवून ती ह्याचीच वाट पाहत होती. चार ओळींत सगळं होतं. वेळ थोडा आहे, पुढचं ठाऊक नाही, तरी माया आहे, एकदा मागे बघ आणि जा. माझ्या शंभर गाण्यांच्या वहीत एवढं खरं एकही नव्हतं. आणि मी ते साड्यांखाली घालून ठेवलं होतं.

“चारूला फोन लाव,” आत्या म्हणाली.

लावला. पुण्यात चारूने उचलला, ऑफिसात होती. काय ग ताई, सगळं ठीक ना, म्हणाली. मी म्हणाले, “तुझ्या लग्नातला आत्याचा कागद सापडला.”

खुर्चीच्या हातावरचं आत्याचं बोट थांबलं. तिने मान वर केली नाही. बोट तेवढं थांबलं होतं.

“सापडला नाही,” मी म्हणाले. “हरवलाच नव्हता. माझ्याकडे होता. मला वाचता येत नव्हता म्हणून मी खोटं बोलले.”

पलीकडे ऑफिसातले आवाज येत होते. मग दार लागल्याचा आवाज आला आणि ते बंद झाले. “बावीस वर्षं, ताई?” चारू म्हणाली. मी हो म्हणाले. ती रागावली की रडली ते मला आवाजावरून कळेना. मग म्हणाली, “वाच.”

मी वाचलं. दुसऱ्या ओळीत अडखळले, तिसऱ्या ओळीत ‘आई’पाशी थांबले, तिथे आत्याच्या बोटाने मला हात धरून पुढे नेलं. चौथी ओळ संपली. फोन चालू होता, पण पलीकडून काही ऐकू येत नव्हतं.

“ऐकलं का तिने?” आत्याने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.